पाचवा चौकोन

चिखले,
३ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

हे बोचकं लाहूच्या जीपमध्ये ठेवताना मी त्याला बजावलंय, मावशीने घेतलं नाही तर तसंच परत आण. म्हणजे तू हे वाचते आहेस तर बोचकं घेतलंस. बरं वाटलं.

फोन मी आता करत नाही. सहा वर्षं करून पाहिला, घंटा वाजून वाजून बंद होते. लग्नानंतर मी आणि जतीन तुझ्या दारात आलो होतो तेव्हा तू म्हणाली होतीस, "यापुढे मी तुझ्याशी बोलणार नाही आणि तुला ये म्हणणार नाही." तू शब्द फिरवणारी नाहीस हे मला ठाऊक आहे. पण लिहिणार नाही असं काही तू म्हटलं नव्हतंस. मी नीट आठवून पाहिलं.

काम असं आहे. डहाणूत माझं शिलाईचं छोटं दुकान आहे, ते लाहूने सांगितलंच असेल. मुंबईच्या एका बाईंनी गोधडी सांगितली आहे. साधी नाही, तिरक्या चौकोनांची. मधे कापडाचा चौकोन, त्याला चारी बाजूंनी रुंद पट्टी शिवायची. मग त्यावर फूटभराचा पुठ्ठा सरळ न ठेवता जरा फिरवून ठेवायचा आणि पुठ्ठ्याच्या कडेने कापायचं. बाहेरची कड सरळ राहते, आतला चौकोन मात्र भिंतीवरच्या तसबिरीसारखा कलतो. अर्धे उजवीकडे कलवायचे, अर्धे डावीकडे. सगळे एकाच बाजूला कलले तर गोधडी अंगावरून घसरतेय असं वाटतं. एकाआड एक लावले की छान दिसतात.

नऊ चौकोन हवेत. डावीकडे कलणारे चार मी करते. उजवीकडचे पाच तू करशील? मशीनवर होतात, पण बाईंना हाताचा धावदोरा हवाय आणि तुझ्याइतका बारीक टाका मी इकडे कुणाचा पाहिला नाही. पुठ्ठा सोबत आहे. कापड तुझ्या घरातलं जुनंच चालेल. जुनंच हवंय.

माझ्या सासूबाई, हिरकणी आई, तुला नमस्कार सांगतात. त्या दरवेळी सांगतात, मीच पोचवत नव्हते.

तुझी
रविना


खडकपाडा, ता. तलासरी
१७ ऑगस्ट २०२५

रविना,

लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे तुझं म्हणणं नियमात बसतं. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली आहेत, शब्दाचा कीस मलाही काढता येतो. म्हणून लिहिते.

गंमत वाटली. तुझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तुझा हात हातात धरून मी तुला कापड सरळ कापायला शिकवलं. जरा वाकडं गेलं की उसवायला लावायची. तू मुसमुसत उसवायचीस. आता तीच तू मला पुठ्ठा धाडून वाकडं कापायला शिकवतेस. शिकले. एक चौकोन फुकट गेला, पुढचे जमले.

वाकडं तुला पहिल्यापासूनच प्रिय. रोज सकाळी दारात मी एकच वाक्य बोलायची, शाळा सुटली की सरळ घरी ये. आणि तू रोज वाटेवरच्या त्या बोरीखाली रेंगाळायचीस. मी नागलीची भाकरी झाकून ठेवून वाट बघायची. तलासरीला कॉलेजात गेलीस, वसतिगृहात राहिलीस, तरी दर शनिवारी तेच. त्या शेवटच्या शनिवारी मी नाक्यावर उभी होते. एकेक जीप आली, रिकामी झाली, गेली. शेवटच्या जीपमधून लाहू उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, "मावशी, रविनानं डहाणूला लगीन केलां."

तुझा नवरा किनाऱ्याचा, चिकूच्या वाडीवाला, आपल्यातला नाही, याचं मला कधीच काही नव्हतं. लाहूला माहीत आणि मला नाही, हे लागलं. अजून लागतं. हे बोलणार नव्हते, लिहून टाकलं.

दोन चौकोन पाठवतेय. कापड माझ्या अंगणवाडीच्या गुलाबी साडीचं आहे. निवृत्त झाल्यावर ती साडी नेसायला जीव धजत नाही आणि टाकवतही नाही.

आणखी एक. तीन फुटी गोधडी मुंबईची ती बाई कुणाला पांघरणार आहे, हे मी विचारत नाही. तुझ्या गिऱ्हाईकाच्या घरात मी कशाला नाक खुपसू? फक्त त्या बाईंना एवढं सांग, लोहाची गोळी रोज घ्यावी. जेवणावर लगेच चहा पिऊ नये, गोळी अंगी लागत नाही. शेवग्याचा पाला खावा. तुमच्या वाडीत शेवगा असेलच.

जयवंती


चिखले,
७ सप्टेंबर २०२५

ती. मावशी,

बाईंना निरोप दिला. गोळीने मळमळतं म्हणाल्या, पण घेतात. चहाचं म्हणशील तर त्यांच्या सासूबाईंनी कपच लपवून ठेवला आहे. शेवग्याच्या पाल्याला मात्र त्या आता विटल्या.

तुझे दोन्ही चौकोन हातात घेतले आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. गिऱ्हाईकाने पाहू नये म्हणून. त्या गुलाबी साडीला अजून खिचडीचा आणि फिनेलचा वास येतो, की मलाच येतो कोण जाणे. मी अंगणवाडीच्या ओट्यावर बसून पाटी पुसायची आणि तू वजनकाट्यावर एकेक पोर टांगून आकडे ओरडायचीस. मला तिथे कुणी रविना म्हणायचं नाही. जयवंतीची पोर म्हणायचे. इकडे सगळे चांगले आहेत, जतीन तर फारच, पण जयवंतीची पोर म्हणणारं कुणी नाही.

तू लिहिलंस ते शनिवारचं. मावशी, मी त्या दिवशी सकाळी डहाणूहून तुला सांगायलाच निघाले होते. आशागडपर्यंत आले आणि भीतीने उतरले. तू नाही म्हणाली असतीस तर मी जतीनला नाही म्हटलं असतं, आणि मला ते करायचं नव्हतं. म्हणून उलट्या जीपने परत डहाणूला गेले. लाहूला मीच सांगितलं. तुझ्यापर्यंत लवकर पोचेल असं वाटलं. किती बावळट होते.

त्या बाईंचंही एक सांगते. त्यांच्या सासूबाई रोज विचारतात, "अगो, पयलं बाळंतपण माहेराला असतं. तुझ्या माहेराशी काय बोलली का नाय?" बाई शेवग्याचा पाला निवडायला घेतात. बाईंना जायचंय, मावशी. फार जायचंय. सकाळी डोळा उघडला की त्यांना आधी तिकडच्या चुलीचा धूर आठवतो, मग समुद्र ऐकू येतो आणि लक्षात येतं आपण कुठे आहोत. पण त्या एकदा उंबऱ्यावरून परत आल्या आहेत. बोलावणं आलं तर त्या पायी निघतील. बोलावण्याशिवाय नाही.

उरलेले तीन चौकोन सावकाश कर. डोळ्यांना ताण देऊ नकोस. लाहू म्हणत होता, सुईत दोरा ओवायला तू हल्ली शेजारच्या बायजीला हाक मारतेस.

तुझी
रविना


खडकपाडा,
२८ सप्टेंबर २०२५

चि. रविना,

लाहूला माझ्या डोळ्यांची चौकशी कुणी सांगितली होती? त्याला गाडी चालवू दे. दोरा ओवता येत नसला तरी टाका मला दिसतो.

आशागडचं वाचलं. तिथून इथपर्यंत पाऊण तासाचा रस्ता. पाऊण तास, रविना. मी नाही म्हटलं असतं असं तुला का वाटलं, ते माझं मी शोधतेय. बहुतेक मी तशीच दिसत असणार. पोरांना गोळ्या गिळायला लावता लावता चेहरा कडक झाला असेल.

तुझ्या त्या बाईंसाठी सांगते. आठवा लागायच्या आत प्रवास करावा, मग जीपचे धक्के नकोत. कासा इथल्या दवाखान्यातली नर्स माझ्या ओळखीची आहे. माझी मागची खोली शेणाने सारवून झाली. का सारवली ते मी लिहीत नाही. पाळण्याची कडी गंजली होती, तिला तेल घातलं. घरात अशी कामं निघतच असतात.

तीन चौकोन सोबत आहेत. दोन नेहमीसारखे. पाचवा मात्र गोधडीच्या मधोमध बसव, तिथलाच तो आहे. त्याचं कापड तू ओळखशील. तुझा शाळेचा निळा स्कर्ट, ट्रंकेत तळाशी ठेवला होता. पट्टी माझ्या लुगड्याची. पाचवा चौकोन नीट बघ. माझ्या तोंडाने मी जे म्हणणार नाही म्हटलं होतं ते मी म्हणणार नाही, शब्द म्हणजे शब्द. पण हाताला कुणी बंदी घातलेली नाही.

वाट बघते.
मावशी


चिखले,
६ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

तू खाली 'मावशी' म्हणून सही केलीस. मी ती जतीनला दाखवली, सासूबाईंना दाखवली, आणि स्वतःला तर किती वेळा दाखवली.

मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खोली सारवली, कडीला तेल घातलं, नर्सची ओळख, सगळं आहे. 'ये' हा शब्द कुठे आहे का ते शोधलं. मागची बाजूही पाहिली. नाही. ठीक आहे, शब्द म्हणजे शब्द. मीही तुझीच पोर, त्यामुळे मला राग येत नाही असं नाही. बाईंना कळवलं की बोलावणं काही आलेलं नाही.

स्कर्ट पाहून मात्र रडले. त्याच्या एका कडेला तू घातलेली टीप अजून आहे, मी वाढत गेले तशी सोडत गेलेली.

एक काळजी वाटते, डोळे तपासून घे. पाचवा चौकोन कापताना पुठ्ठा फिरवायचा तुझ्याकडून राहूनच गेला. अगदी सरळ कापला होतास. मग मीच त्याला बाहेरून आणखी एक पट्टी लावली, पुठ्ठा फिरवून ठेवला आणि कापून घेतला. चारी कोपरे थोडे थोडे गेले, पण आता तोही बाकीच्यांसारखा वाकडा झाला आहे. काही कळत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं.

दिवाळीच्या आत गोधडी जोडते.

तुझी
रविना


चिखले,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. मावशी,

दिवाळी झाली. लाहू दोनदा तुझ्या पत्राविना आला. मी करंज्या पाठवल्या होत्या, त्या त्याने परत आणल्या. म्हणतो, "मावशी बोलली, मना नको." एवढंच. बरी आहेस ना? आजारी आहेस का? माझं काय चुकलं?

गोधडी अजून जोडलेली नाही. दोन ओळी लिही.

रविना


खडकपाडा,
९ नोव्हेंबर २०२५

सौ. रविना जतीन यांस,

मी आजारी नाही. डोळेही ठीक आहेत, तपासून आले. टाका दिसतो, कड दिसते, पुठ्ठा फिरवला की नाही तेही दिसतं.

पाचवा चौकोन मी सरळच कापला होता. चार वाकडे केल्यावर हात तसाच वळत होता, त्याला आवरून सरळ कापला. शाळेच्या स्कर्टाचा. शाळा सुटली की काय करायचं ते मी तुला दहा वर्षं रोज सांगत होते. त्याहून मोठ्या अक्षरात मला लिहिता येत नाही.

तू त्याला पट्टी लावलीस, कोपरे छाटलेस आणि बाकीच्यांसारखा करून घेतलास, आणि वर कळवलंस की आता काही कळत नाही. मला कळलं. वाचताना प्रथम राग आला, मग वाटलं, बरोबरच आहे. दारातून परत पाठवलेल्या पोरीने सरळ का यावं? तिला हवं तसं तिने कापून घेतलं.

पाळण्याची दोरी बांधली होती ती काल सोडली. बायजीने विचारलं, "सोडली कशाला?" मी म्हटलं, धूळ बसते. खोली तशीच आहे. बाळंतपण सासरी नीट होतं, तिकडे दवाखाने जवळ आहेत. गोळी चालू ठेव.

मला तुझी आठवण येते. रोज येते. हे आता लिहून काही उपयोग नाही, म्हणून लिहिते.

जयवंती


चिखले,
१४ नोव्हेंबर २०२५

मावशी,

तुझं पत्र दुकानात, मशीनवर बसूनच वाचलं. सासूबाई मला न्यायला आल्या होत्या. त्यांनी पत्र मागितलं, चष्मा लावून सगळं वाचलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "अगो येडे! बोलावणं कापडात आलं नि तू कातर लावलीस?"

हो. लावली. 'ये' शोधायला पत्र चारदा वाचलं, आणि ते हातात होतं ते दिसलं नाही. इतकी वर्षं गिऱ्हाइकांची कापडं शिवतेय, तिरकं सांगितलं की तिरकं, सरळ दिसलं की चूक. तुझ्या हाताची चूक काढली मी. तू शिकवलेल्या हाताने काढली. नकार नव्हता तो, मावशी. तुझ्या डोळ्यांची भीती होती आणि बोलावणं न आल्याचा रुसवा होता. दोन्ही मिळून कातर चालली.

मुंबईची बाई वगैरे कुणी नाही. तुला पहिल्या पत्रातच कळलं होतं, तरी एकदा माझ्या हाताने लिहिते. मला आठवा लागून चार दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, सगळं नीट आहे, जीप नको, मोटार हळू चालवा. जतीनने मामाची मोटार मागून घेतली आहे. त्याला दारात पाणी विचार, एवढंच. जेवायला घालावंसं वाटलं तर तुझी मर्जी.

आता चौकोनाचं. तू मला कातरण टाकू द्यायची नाहीस. बोटभर चिंधी असली तरी डब्यात. ती सवय अजून आहे. घरी येऊन डबा ओतला, तर छाटलेले चारही कोपरे त्यात होते, तुझ्या लुगड्याचा एक धागाही न निघालेले. मी लावलेली बाहेरची पट्टी उसवली. मुसमुसतच उसवली, तशीच, लहानपणासारखी. मग एकेक कोपरा जागच्या जागी हाताने शिवला. टाका तुझ्याइतका बारीक नाही. चारी कोपऱ्यांवर सांधे दिसतात, आणि शिवणीत थोडं कापड गेल्यामुळे तो बाकीच्यांहून बोटभर लहान झाला आहे. पण पुठ्ठ्यावर ठेवून पाहिला, कड सरळ आली.

गोधडी जोडलेली नाही. आठ चौकोन आणि तो एक, असे सुटेच ठेवलेत. जोडायचं तुझ्याकडे, मागच्या खोलीत, दुपारी जेवण झाल्यावर. मी दोरा ओवून देईन, बायजीला हाक मारू नकोस. पाळण्याची दोरी कुठे ठेवलीस ती काढून ठेव.

हे पत्र मी लाहूच्या हातात देत नाहीये. पाचव्या चौकोनात गुंडाळून स्वतःच आणतेय, आणि तुझ्या हातात देऊन तू वाचून होईपर्यंत काही बोलणार नाहीये. तूही बोलू नकोस. तुझा शब्द तसाच राहू दे, ये म्हणायची आता गरज नाही. मान वर करून फक्त समोर बघ.

शाळा सुटली, मावशी. बोरीखाली थांबले नाही. सरळ घरी आले.

तुझी पोर